विमानातून प्रक्षेपणावर नजर: १८ किलोमीटर उंचीवरचा कॅमेरा, फोकस, ट्रॅकिंग आणि बाकीची डोकेदुखी

नभांगण

प्रक्षेपणाच्या धाग्यावर 'नासा त्या जुन्या विमानातून चित्रीकरण का करते, जमिनीवर दुर्बिणी कमी आहेत का' हा प्रश्न दर वेळी येतो आणि दोन ओळींत गुंडाळला जातो. म्हणून हा वेगळा धागा.

सुरुवात कोलंबिया या शटलच्या अपघातापासून करावी लागते. १६ जानेवारी २००३ च्या उड्डाणात ८१.७ व्या सेकंदाला बाह्य टाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि ८१.९ व्या सेकंदाला डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. तुकडा साधारण ५३ ते ६९ सेंमी लांब आणि ३० ते ४६ सेंमी रुंद होता. त्या क्षणी यान सुमारे २० किमी उंचीवर होतं, म्हणजे किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्यांना वातावरणाचा सगळा दाट थर भेदून बघावं लागत होतं. त्यातल्या एका महत्त्वाच्या कॅमेऱ्याचा फोकसच नीट नव्हता. चौकशी मंडळाच्या ऑगस्ट २००३ च्या अहवालात शिफारस क्र. आर३.४-१ आहे: उड्डाणापासून निदान घन इंधनाचे बूस्टर सुटेपर्यंत यानाची किमान तीन उपयुक्त दृश्यं मिळाली पाहिजेत. जहाजं किंवा विमानं वापरण्याचा विचार करावा, हेही तिथेच लिहिलंय.

त्यातून पुढे आलेली यंत्रणा म्हणजे 'वेव्ह'. ह्यूस्टनच्या एलिंग्टन फील्डवरच्या डब्ल्यूबी-५७ या जुन्या, खूप उंच उडणाऱ्या विमानांच्या नाकात ३२ इंची गोल टरेट (कॅमेऱ्यासकट फिरणारा घुमट) बसवला, त्यात ११ इंच व्यासाचं, ४.२ मीटर स्थिर नाभीय अंतराचं ऑप्टिक्स, त्यामागे एचडी टीव्ही आणि नजीकच्या अवरक्ताचा कॅमेरा. २६ जुलै २००५ ला एसटीएस-११४ या शटल मोहिमेच्या वेळी अशी दोन विमानं वर होती. उंची १८ किमीच्या आसपास.

त्या उंचीला हवेचा दाब ७५ हेक्टोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या ७ टक्के. ९३ टक्के हवा, जवळपास सगळी वाफ आणि बहुतेक सगळे ढग पायाखाली. आकाश काळपट निळं, त्यामुळे फिकट वस्तूचा कॉन्ट्रास्ट वाढतो. आणि फोम सुटला तो क्षण घेतला तर यान २० किमीवर, विमान १८ किमीवर. जवळजवळ समोरासमोर. हा मुद्दा बऱ्याच लेखांत येतच नाही.

भिंगवाला

धागा छान. त्या ११ इंच आणि ४.२ मीटरवर लगेच आकडे मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

नाभीय अंतर भागिले व्यास, ४२०० भागिले २८० मिमी, म्हणजे एफ/१५. हिरव्या प्रकाशात विवर्तनाची मर्यादा (भिंगाला वेगळा दाखवता येणारा सगळ्यात बारीक कोन) सुमारे २.४ मायक्रोरेडियन (१ मायक्रोरेडियन म्हणजे १ किमीवर १ मिमी). ४० किमी अंतरावर हे जवळजवळ १० सेंमी. ५ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एक पिक्सेल १.२ मायक्रोरेडियन, ४० किमीवर ५ सेंमीच्या जरा आत. कागदावर तरी ६० सेंमीचा फोमचा तुकडा १२ पिक्सेल लांब दिसायला हवा.

आता दुसरी बाजू. १९२० पिक्सेलची चौकट म्हणजे ९.६ मिमी, म्हणजे दृष्टिक्षेत्र २.३ मिलिरेडियन किंवा ०.१३ अंश. पूर्ण चंद्राच्या व्यासाचा जेमतेम चौथा हिस्सा. ४० किमीवर चौकटीची रुंदी ९० मीटरच्या आसपास आणि शटलची उभी उंची ५६ मीटर. इकडेतिकडे अर्धं यान सरकलं की टोक बाहेर. स्वतः चालत्या विमानातून एवढ्या बारीक नळीतून बघायचं आहे, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

उंटावरचा शहाणा

मग इतकं लांब नाभीय अंतर घेतलंच कशाला? २ मीटर घ्यायचं, चौकट दुप्पट, ट्रॅकिंग सोपं. पिक्सेल ४० किमीवर १० सेंमी, विवर्तनाइतकाच. फुकट मिळणारं काही सोडलं असं मला तरी दिसत नाही.

भिंगवाला

@उंटावरचा शहाणा, विवर्तनाच्या एका ठिपक्यावर किमान दोन पिक्सेल लागतात, नाहीतर बारीक तपशील पिक्सेलच्या फटीत जातो. त्या हिशोबाने ४.२ मीटर बरोबर जुळतं. पण तुमचा मुद्दा वेगळ्या कारणाने पटतो. टरेट स्थिर करून उरलेला हादरा १० मायक्रोरेडियन असेल तर ४० किमीवर तो ४० सेंमी झाला. मग ५ सेंमीचा पिक्सेल काय कामाचा? तुकडा 'दिसतो', त्याचा आकार मोजता येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारात भिंगाचा व्यास हा शेवटून दुसरा प्रश्न आहे. आधी हादरा, मग ट्रॅकिंग, मग फोकस, मग भिंग. रंग सगळ्यात शेवटी.

मुक्ता_क

+१. ट्रॅकिंगचं जरा फोड करून सांगते.

बूस्टर सुटतात तेव्हा शटलचा वेग सेकंदाला सुमारे १.४ किमी. तो सगळा आडवा धरला तर ४० किमीवरून दृष्टिरेषा सेकंदाला ३५ मिलिरेडियन फिरते, म्हणजे २ अंश. कॅमेरा स्थिर ठेवला तर १ मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये चित्र २९ पिक्सेल फासतं. एका पिक्सेलच्या आत ठेवायचं तर टरेटचा वेग खऱ्या वेगाच्या ३ टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे, आणि तोही सतत, कारण दर बदलत असतो.

उड्डाणाच्या पहिल्या दहा सेकंदांत उलटं असतं. यान जेमतेम हललेलं असतं, पण विमान स्वतः सेकंदाला २१० मीटर जात असतं. ६० किमीवरून बघताना विमानाच्याच गतीमुळे दृष्टिरेषा सेकंदाला साडेतीन मिलिरेडियन फिरू शकते. म्हणजे सुरुवातीला ट्रॅकर मुख्यतः स्वतःच्या विमानाची गती वजा करत असतो. ती जीपीएस आणि जडत्वीय यंत्रणेकडून येते, म्हणून हा टप्पा तसा सोपा. शक्य असेल तर यान मंचावर असतानाच पकडायचं, ते याचसाठी. १८ किमीवरून ६० किमी लांबचा मंच क्षितिजाखाली १७ अंशांवर दिसतो. ढग आडवे आले तर मात्र ढगातून डोकं वर काढतं त्या क्षणाची वाट बघावी लागते, आणि तोवर दर वाढलेला असतो.

नियोजित मार्गाच्या फाईलवरून आंधळं रोखायचं म्हटलं तर दोन गोष्टी नडतात. एक, दिशादर्शकाची चूक. ०.०५ अंश चूक म्हणजे ०.८७ मिलिरेडियन. चौकटीचा अर्धा भाग १.१५. म्हणजे एवढ्याशा चुकीनेच यान कडेला जातं. दोन, वेळ. बूस्टर सुटण्याच्या सुमाराला घड्याळात एका सेकंदाची तफावत म्हणजे ३५ मिलिरेडियन, पंधरा चौकटी बाहेर. म्हणून रुंद क्षेत्राचा शोधक कॅमेरा लागतोच. २ ते ३ अंशांचा पुरतो. पण त्याचा आणि मुख्य दुर्बिणीचा अक्ष जुळलेला हवा, आणि ही जुळणी जमिनीवर करून भागत नाही. वर थंडीत धातू आखडला की ती सरकते. प्रवासाच्या उंचीवर, तापमान बसल्यावर, ताऱ्यावर परत करायची.

पिंगळा

ट्रॅकिंगमधली खरी गंमत झोताची, म्हणजे इंजिनातून मागे निघणाऱ्या ज्वाळेची आहे. स्वयंचलित ट्रॅकर सगळ्यात उजळ भागाचा मध्य पकडतो. उजळ काय? यान नाही, झोत. खाली दाट हवेत झोत आखूड आणि बांधलेला असतो, तोवर चालून जातं. वर हवा विरळ झाली की झोत पसरतो, लांबतो, त्याचा मध्य मागे मागे सरकतो, आणि ट्रॅकर इमानेइतबारे झोताच्या मागे जातो. पडद्यावर धुराचं झकास चित्र आणि यानाचं नाक चौकटीबाहेर.

उपाय म्हणजे मध्याऐवजी पुढची कड धरायची आणि तिच्यापासून ठरावीक अंतर पुढे रोखायचं. ते अंतर स्थिर ठेवून चालत नाही, झोत फुगतो तसं बदलावं लागतं. तरीही बूस्टर सुटतात तेव्हा एकाचे तीन उजळ ठिपके होतात आणि ट्रॅकरने कुणाबरोबर जायचं हे नशिबावर असतं. त्या ३-४ सेकंदांपुरतं मोजमाप बंद करून, आधीच्या दराने टरेट नुसता फिरवत ठेवायचा आणि ठिपके वेगळे झाले की परत पकडायचं, हे बरं पडतं. नाहीतर ऑपरेटरने जॉयस्टिक हातात घ्यायची.

आणि हा ऑपरेटर मागच्या सीटवर दाबसूट घालून बसलेला असतो. ५० हजार फुटांवर दाबसूट लागतोच, शिवाय निघण्याआधी सुमारे तासभर शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो, रक्तातला नायट्रोजन कमी व्हावा म्हणून. त्या हातमोज्यांत बारीक बटणं दाबता येत नाहीत. नियंत्रण पॅनेल तयार करणाऱ्यांनी ते हातमोजे घालून बघितल्याशिवाय आराखडा कायम करू नये.

उंटावरचा शहाणा

पिंगळाकाका, मग अवरक्तात ट्रॅक केलं तर? तिथे तर झोत अजूनच उजळ, म्हणजे आगीतून फुफाट्यात?

पिंगळा

कुठल्या बँडमध्ये, म्हणजे तरंगलांबीच्या कुठल्या पट्ट्यात बघता, त्यावर आहे. ४.३ मायक्रॉनच्या आसपास कार्बन डायऑक्साइड भरपूर किरणं सोडतो, तिथे केरोसिनच्या इंजिनाचा झोत सगळं झाकून टाकतो. शटलच्या बूस्टरमध्ये ॲल्युमिनियम असतं, त्याच्या ऑक्साइडचे तापलेले कण दृश्य प्रकाशातही डोळे दिपवतात. हायड्रोजनची मुख्य इंजिनं मात्र दृश्यात जवळजवळ दिसतच नाहीत, तिथे निघते ती वाफ. म्हणून एकच बँड सगळ्या उड्डाणभर चालत नाही. पकडायला अवरक्त आणि तपशिलाला दृश्य, असं जोडीने वापरतात.

एक्स्पोजरचंही तेच. झोताला बेतून एक्स्पोजर ठेवलं तर टाकी काळी, टाकीला बेतून ठेवलं तर झोत पांढराफेक आणि त्याची चमक भिंगात पसरून आजूबाजूचं धुऊन टाकते. फोम शोधायचाय तर टाकीला बेता, झोत जळू द्या. नासाने एकाच वेळी अनेक एक्स्पोजर घेणारा 'हायडिर्स-एक्स' कॅमेरा २८ जून २०१६ ला युटातल्या क्यूएम-२ बूस्टर चाचणीत वापरला होता. झोतातले भोवरे झकास दिसले. त्या चाचणीत बूस्टरच्या दणक्याने कॅमेऱ्याची वीजजोडणीही सुटली होती, हे आपलं जाता जाता.

भिंगवाला

आता फोकस. या विषयावर सगळ्यात कमी लिहिलं जातं आणि सगळ्यात जास्त चित्रं इथेच वाया जातात.

जमिनीवर २५ अंश, वर उणे ५० ते उणे ६०. विषुववृत्ताकडे १७ किमीला उणे ७५ पर्यंतही जातं. टरेट थोडा गरम ठेवला तरी ७० अंशांचा फरक धरून चला. दोन आरशांमधलं अंतर अर्धा मीटर आणि नळी ॲल्युमिनियमची असेल तर ती ०.८ मिमी आखडते. ०.८ मिमी काहीच वाटत नाही, पण दुय्यम आरसा प्रतिमा ५ पटीने मोठी करत असेल तर फोकस सरकतो तो ५ चा वर्ग अधिक १, म्हणजे २६ पटीने. २१ मिलिमीटर. एफ/१५ ला फोकसची सूट किती? हिरव्यात सुमारे पाव मिलिमीटर अलीकडे, पाव पलीकडे. इन्वार (तापमानाने फारच कमी आखडणारा मिश्रधातू) वापरलं तरी १.२ मिमी उरतंच. म्हणजे साहित्य कितीही महागाचं घ्या, फोकसची मोटर हवीच, आणि तिची ग्रीस उणे ६० ला न गोठणारी.

इथे अनेकजण म्हणतात, वर जाऊन ताऱ्यावर फोकस करा, झालं. नाही होत. तारा अनंतावर, यान ४० किमीवर. नाभीय अंतराचा वर्ग भागिले अंतर: ४.२ चा वर्ग १७.६४, भागिले ४०,०००, उत्तर ०.४४ मिमी. सूट ०.२५ ची. ताऱ्यावर अगदी सुईसारखा फोकस करून ठेवला तर ४० किमीवरचं यान धूसर येणार. १०० किमीला हाच आकडा ०.१८ होतो, तेव्हा चालतं. म्हणून ताऱ्यावर फोकस करून मग अंतराच्या तक्त्याप्रमाणे मोटर पुढे सरकवायची, आणि यान दूर जाईल तसं परत आणायचं. प्रतिमा बघून स्वयंफोकस लावू नका, तो झोताच्या कडेवर भुलतो.

नभांगण

हा ०.४४ चा हिशोब मुख्य धाग्यात वर चढवायला हवा. बऱ्याच चित्रांत सुरुवात धूसर आणि शेवट स्पष्ट का दिसतो, त्याचं एक उत्तर इथे आहे.

मुक्ता_क

त्याला जोडूनच खिडकीचं बोलू. टरेटच्या आत जमिनीवरचा दाब तसाच बंद करून वर नेला तर फरक ९४ किलोपास्कल. ३० सेंमी व्यासाच्या काचेवर सुमारे ६७० किलोचा भार. काच फुटणार नाही इतकी जाड करता येते, पण ती फुगते आणि स्वतःच भिंग होते. म्हणून टरेट मोकळा श्वास घेणारा ठेवतात, आत-बाहेर दाब सारखा. मग प्रश्न खाली उतरताना येतो. उणे ५० ला थिजलेल्या टरेटमध्ये फ्लोरिडाची दमट हवा शिरते आणि आरशावर, काचेवर, सर्किटवर सगळीकडे पाणी. कधी आधी बर्फ, मग पाणी. श्वासमार्गावर सिलिका जेलचं फिल्टर आणि उतरण्याआधीपासून कोरड्या नायट्रोजनचा सौम्य प्रवाह, हे दोन्ही हवं. जेलचा रंग प्रत्येक उड्डाणाआधी बघायचा. उतरल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही, तापमान वर येऊ द्यायचं.

काचेचा प्रकारही बघा. साधी ऑप्टिकल काच अडीच मायक्रॉनच्या पुढे अपारदर्शक. मध्यम अवरक्ताला नीलम किंवा झिंक सेलेनाइड. जर्मेनियम अवरक्ताला उत्तम, पण दृश्याला भिंत, आणि तापलं की अवरक्तालाही मंदावतं. दोन्ही बँड हवेत तर दोन खिडक्या किंवा नीलम. नाकातल्या टरेटचा एक फायदा म्हणजे पंख आणि इंजिनाची तापलेली हवा मागे राहते. पण मागे वळून बघायची वेळ आली की दृष्टिरेषा विमानाच्या स्वतःच्या खवळलेल्या थरातून जाते आणि चित्र उकळल्यासारखं दिसतं. मार्ग आखताना लक्ष्य कायम पुढच्या किंवा बाजूच्या कोनात राहील हे बघायचं.

उंटावरचा शहाणा

मार्ग आखणं म्हणजे नेमकं काय? घिरट्या घालत राहायचं आणि उड्डाण झालं की वळायचं, एवढंच ना?

पिंगळा

वळतानाच सगळं बिघडतं. १८ किमीवर खऱ्या हवेतला वेग २१० मीटर प्रति सेकंद आणि कल २० अंश धरा. वळणाची त्रिज्या १२ किमीच्या वर येते. अर्धं वळण घ्यायला ३ मिनिटं ५ सेकंद. जास्त कल देता येत नाही, कारण त्या उंचीला विमान कोसळण्याचा वेग आणि हादरे सुरू होण्याचा वेग जवळ आलेले असतात. कलताना पंख आडवा येतो आणि टरेटची मर्यादा संपते. म्हणून उड्डाणाच्या ३० सेकंद आधीपासून बूस्टर सुटून जाईपर्यंत विमान सरळ रेषेत हवं. थोडी सूट धरून ४ मिनिटांची सरळ बाजू, ५० किमी. दोन सरळ बाजू आणि दोन वळणं मिळून पूर्ण फेरी १४ मिनिटांची.

आता उलटी गिनती ५ मिनिटं थांबली. फेरी १४ ची, पूर्ण गोल ६ मिनिटांचा. ५ मिनिटं कशात बसवणार? सरळ बाजू लांबवून आणि नागमोडी जाऊन. म्हणून वैमानिकाकडे आधीच तक्ता तयार असतो: एक मिनिट उशीर तर हे, तीन तर ते, सहा तर गोल. शटलची उड्डाणाची रोजची खिडकी, म्हणजे उड्डाण करता येईल तेवढी वेळ, साधारण १० मिनिटांची होती, त्यात हा खेळ चालायचा. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटच्या मालवाहू मोहिमांना तत्क्षणी खिडकी असते. जायचं तर त्याच सेकंदाला, नाहीतर उद्या. विमानवाल्यांना ते फार सोयीचं.

नभांगण

सूर्याचंही बोला कुणीतरी. एसटीएस-११४ सकाळी १०:३९ ला गेलं, मार्ग ईशान्येकडे. सूर्य जवळजवळ पूर्वेला. मार्गाच्या दक्षिणेकडच्या विमानाला उजळलेली बाजू दिसणार, उत्तरेकडच्याला सावलीतली, आणि शिवाय कॅमेरा सूर्याच्या दिशेला. दोन विमानं दोन बाजूंना ठेवण्यात यानाच्या दोन्ही बाजू मिळतात, पण दोन्ही चित्रं सारखी चांगली मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

मुक्ता_क

बरोबर. आणि उत्तरेकडच्या विमानात खिडकीवर थेट ऊन पडलं तर काचेवरचा बारीकसा डागही ढगासारखा चमकतो. काच उड्डाणाच्या दिवशीच पुसायची, आदल्या दिवशी नाही.

रेकॉर्डिंगबद्दल. फोम सुटण्यापासून आदळण्यापर्यंत ०.२ सेकंद. ३० फ्रेमला ६ चित्रं, ६० ला १२. इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दोन वेळा टिपणारं) असेल तर एका चित्रात दोन वेगळे क्षण, तुकडा कंगव्यासारखा दिसतो. सगळ्या ओळी एकत्र देणारं प्रोग्रेसिव्हच हवं, आणि शटर सगळ्या पिक्सेलना एकदम उघडणारं. आणि कृपया दाबलेलं व्हिडिओ नको. २-३ पिक्सेलचा ठिपका एका फ्रेममध्ये येतो, पुढच्यात जागा बदलतो. कॉम्प्रेशनला तो गोंगाट वाटतो आणि तो पुसून टाकतो. म्हणजे नेमकं जे शोधायचं तेच. कच्चं रेकॉर्डिंग १९२० × १०८०, ६० फ्रेम, १० बिट धरलं तर सेकंदाला १५५ मेगाबाइट, ४०० सेकंदांना ६२ गिगाबाइट. आजच्या एसएसडीला किरकोळ. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क तिथे नेऊ नका, तिचं हेड हवेच्या उशीवर तरंगतं आणि तिथे ती हवाच नाही. प्रत्येक फ्रेमवर जीपीएस वेळ छापलेली हवी, नाहीतर दोन विमानांची चित्रं जुळवता येत नाहीत.

पिंगळा

हवा नाही यावरून इलेक्ट्रॉनिक्स. घनता जमिनीच्या १० टक्के, म्हणजे पंखा फिरतो पण थंड करत नाही. बाहेर उणे ५६ आणि आत प्रोसेसर तापून बंद, हे चमत्कारिक वाटतं, पण ते नेहमीचंच आहे. उष्णता धातूच्या पट्टीने विमानाच्या सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. दुसरं, उच्च दाबाची वीज. १ मिमी फट जमिनीवर ४ हजार व्होल्टच्या वर तग धरते, तिथे एक हजाराच्या आतच ठिणगी पडू शकते. इमेज इंटेन्सिफायर किंवा तसलं काही असेल तर जोड रेझिनमध्ये पूर्ण बंद करा. रेझिनमध्ये एक बुडबुडा राहिला तरी तिथूनच सुरू होतं. पीव्हीसीच्या केबल थंडीत कडक होऊन गिंबलपाशी (टरेट फिरवणाऱ्या सांध्यापाशी) तडकतात, सिलिकॉन किंवा टेफ्लॉनच्या घ्या.

भिंगवाला

अवरक्त कॅमेऱ्याचं एक राहिलं. मध्यम अवरक्तात ४ मायक्रॉनला ११ इंचांचं विवर्तन १७ मायक्रोरेडियन. १५ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर १ मीटर नाभीय अंतरातच पिक्सेल १५ मायक्रोरेडियनचा होतो. ४.२ मीटर लावणं म्हणजे रिकामं मोठं करणं. शिवाय थंड केलेल्या डिटेक्टरच्या आतली थंड झडप ठरावीक एफ क्रमांकाची असते, समजा एफ/४. तिच्याशी दुर्बीण जुळली नाही तर डिटेक्टरला नळीची गरम भिंत दिसते आणि चित्रावर राखाडी पडदा येतो. आणि शीतक म्हणून स्टर्लिंगचं यंत्र असेल तर ते स्वतःच थरथरतं, ते दृश्य कॅमेऱ्याच्या बाकावरच पक्कं बसवू नका.

उंटावरचा शहाणा

ठीक, पटलं. पण एवढं करून नुसतं 'काही पडलं का' बघायचं? शटल तर २०११ ला संपलं.

नभांगण

चांगला प्रश्न. मोजमापासाठी वापर त्यापेक्षा मोठा झाला. नासाच्या लँगली केंद्राच्या 'हायथर्म' गटाने २८ मार्च २००९ ला एसटीएस-११९ परत येताना खालून अवरक्त चित्रं घेतली, नौदलाच्या 'कास्ट ग्लान्स' या ओरायन विमानातून. डाव्या पंखाखालच्या टाइलवर मुद्दाम पाव इंचाचा उंचवटा ठेवला होता, त्याच्यामागे प्रवाह खवळतो तो तापमानात दिसतो का ते बघायला. दिसला. २१ सप्टेंबर २०१४ च्या सीआरएस-४ या मालवाहू मोहिमेत फाल्कन ९ चा पहिला टप्पा ध्वनीपेक्षा जास्त वेगात असताना इंजिनं पेटवतो, ते डब्ल्यूबी-५७ आणि ओरायन या दोघांनी अवरक्तात टिपलं. मंगळाच्या विरळ हवेत उतरताना काय होईल त्याच्याशी मिळती परिस्थिती, म्हणून नासाला ते हवं होतं. परतणाऱ्या वस्तूंसाठी इतर विमानंही वापरली: १३ जून २०१० ला ऑस्ट्रेलियातल्या वूमेराकडे येणारं हायाबुसा हे जपानी यान डीसी-८ मधून, ५ डिसेंबर २०१४ ला ओरायन कुपी (अवकाशयान, त्या विमानाशी फक्त नाव सारखं) इखाना या मानवरहित विमानातून.

उंटावरचा शहाणा

ओरायन विमान १८ किमीला जात नाही ना?

पिंगळा

नाही, ८ किमीच्या आसपास. तिथे हवेचा ३५ टक्के भाग अजून डोक्यावर. पण आत मोठी जागा, बाजूला मोठी खिडकी, चारपाच माणसं साध्या कपड्यात काम करू शकतात, काही बिघडलं तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठता येतं. डोक्यावरून जाणाऱ्या वस्तूला वर बघायचं असेल तर ८ किमी पुरतं. क्षितिजालगत लांबचं बघायचं असेल तेव्हा १८ ला पर्याय नाही. त्या उंचीवरून क्षितिज सुमारे ४८० किमी लांब असतं.

मुक्ता_क

तापमान मोजायचं असेल तर एक भर. 'अवरक्त चित्र' आणि 'तापमान' यात बरंच अंतर आहे. उड्डाणाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा, कृष्णिका स्रोतावर (ज्याचं तापमान नक्की माहीत आहे अशा काळ्या पृष्ठभागावर) अंशांकन घ्यायचं, आणि तेही डिटेक्टर, भिंग, खिडकी सगळं जोडलेल्या अवस्थेत. खिडकी थंड असताना वेगळी, गरम असताना वेगळी किरणं सोडते. मधल्या हवेचं शोषण मॉडेलने वजा करायचं, टाइलची उत्सर्जकता धरायची. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मात्र साध्या कारणाने: एकच लांब इंटिग्रेशन वेळ (डिटेक्टर एका फ्रेमसाठी किरणं गोळा करतो ती वेळ) ठेवली आणि नेमका तापलेला भाग संपृक्त झाला. संपृक्त पिक्सेलमधून तापमान काढता येत नाही, कुठल्याच मॉडेलने. दोन किंवा तीन इंटिग्रेशन वेळा आलटून पालटून घ्या. फ्रेम दर तितका कमी होतो, तो होऊ द्या.

उंटावरचा शहाणा

आलटून पालटून घेतलं आणि मधल्या वेळात दृष्टिरेषा सरकली तर फ्रेम जुळणार कशा?

मुक्ता_क

टरेटच्या कोनमापकाची नोंद प्रत्येक फ्रेमबरोबर ठेवायची आणि आधी तिने ढोबळ जुळवायचं. उरलेलं यानाच्या कडांवरून, पण कड फक्त कमी वेळेच्या फ्रेमवरून घ्यायची. लांब वेळेच्या फ्रेममध्ये तापलेला भाग फुगून कड बाहेर ढकलतो. कोनमापकाची नोंद कॅमेऱ्याच्याच घड्याळावर घ्या. दोन घड्याळं ठेवली आणि त्यात १० मिलिसेकंदांचा फरक पडला, तर सेकंदाला ३५ मिलिरेडियनच्या दराने ३५० मायक्रोरेडियनची चूक होते. १५ मायक्रोरेडियनच्या पिक्सेलमध्ये ती २३ पिक्सेल भरते.